पोळ्याचं बाशिंग, महालक्ष्म्यांची आरास, घडीचा कंदील: कागदाची सजावट घरी कशी करायची?

श्रावण अमावास्येला पोळा, चार दिवसांनी गणपती आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत महालक्ष्म्या. बीड जिल्ह्यातल्या घरांमध्ये सजावटीचा खरा हंगाम हाच. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात, त्या मराठवाड्यात महालक्ष्म्या. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निरोप घेतात. म्हणजे बैलाच्या बाशिंगासाठी आणलेला कागद, पुठ्ठा आणि खळ पुढच्या दोन सणांनाही कामी येते.

घरी करण्याचं कारण फक्त हौस किंवा पैशांची बचत एवढंच नाही. बाजारातल्या चकचकीत सजावटीत बऱ्याचदा प्लास्टिक, तार आणि टाचण्या असतात. बैलाच्या बाबतीत यातली एखादी वस्तू जिवावर बेतू शकते.

थर्माकोलचं काय?

महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या अनेक वस्तूंसोबत थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी घातली. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० रुपये आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद त्यात आहे. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने देशभर बंद केलेल्या एकदाच वापरायच्या वस्तूंमध्येही सजावटीचा थर्माकोल आहे. म्हणून मखरासाठी आता पुठ्ठा, कागद, कापड आणि बांबू हेच पर्याय उरतात.

कोणता कागद कशासाठी?

कागदाची जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम.

- पतंगी कागद: अगदी पातळ. उजेड आरपार जातो, म्हणून कंदिलाला उत्तम.
- घोटीव कागद: एका बाजूने रंगीत आणि गुळगुळीत. फुलं, पताका आणि कातरकामासाठी.
- क्रेप कागद: सुरकुत्यांचा आणि ताणला जाणारा. झालर आणि पाकळ्यांसाठी.
- कार्डशीट: जाड. चक्र, कमान आणि चौकटीसाठी. साधारण २२ × २८ इंचांची मिळते.
- खोक्याचा पुठ्ठा: किराणा दुकानात सहज मिळतो. मखराचा सांगाडा यातूनच करायचा.
- बेगड: बाशिंगाला लावायचा चमचमता कागद.

बेगडीच्या नावाखाली आता बऱ्याचदा चमकीची प्लास्टिक पन्नी मिळते. ओळखायला सोपं आहे. कोपरा हळूच फाडून बघा. कागद असेल तर कडेला तंतू दिसतात, प्लास्टिक असेल तर ते आधी ताणलं जातं. रंग कच्चा आहे का, हेही ओलं बोट फिरवून आधीच बघावं. पावसाची एक सर आली की पतंगी आणि क्रेप कागदाचा रंग झुलीवर किंवा साडीवर उतरतो.

खळ की फेविकॉल?

एक वाटी मैदा किंवा कणीक आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायची. मग एकूण चार-पाच वाट्या पाणी होईल इतकं घालून मंद आचेवर ढवळत शिजवायची. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी चकाकू लागली की खळ तयार. ती दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी.

कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. मोरचूद विषारी असतं. मुलं हात लावणार असतील किंवा वस्तू बैलाला बांधायची असेल, तर ते अजिबात घालू नये. वस्तू पुढच्या वर्षासाठी ठेवायची असेल तर फेविकॉल बरा. खळीच्या वासाने झुरळं आणि कसर लवकर लागते.

बैलाचं बाशिंग

१. बैलाच्या दोन शिंगांमधलं अंतर सुतळीने मोजा. बाशिंग त्याहून थोडं अरुंद हवं आणि डोळ्यांवर अजिबात येता कामा नये.
२. पुठ्ठा मधोमध दुमडून अर्धा आकार काढा आणि कापा. उलगडला की दोन्ही बाजू सारख्या येतात. पिंपळपान, कळस किंवा मोराचा पिसारा हे आकार सोपे.
३. पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी कागद चिकटवा. एकाच बाजूने लावला तर वाळताना पुठ्ठा वाकतो.
४. वरून बेगड आणि कातरकामाची फुलं लावा, कडेला लोकरीचे गोंडे शिवा.
५. दोन्ही कडांना भोकं पाडून सुती नाडा ओवा. भोकाभोवती कापडाचा तुकडा चिकटवला की पुठ्ठा फाटत नाही.

यात टाचणी, स्टेपलर आणि तार वापरायची नाही. गाय-बैल चारा नीट न चावता गिळतात. चाऱ्यात पडलेली टाचणी पोटाच्या जाळीपोट नावाच्या कप्प्यात जाऊन बसते. हृदय तिथून अगदी जवळ असतं. पोट आकुंचन पावताना टोकदार वस्तू पडदा भेदून हृदयापर्यंत पोहोचू शकते. फुगे आणि प्लास्टिकच्या झिरमिळ्या पोटात साचून राहतात. म्हणून मिरवणूक संपली की बाशिंग सोडायचं, आणि बैलांना वैरण टाकण्याआधी गोठ्यात पडलेले तुकडे वेचायचे.

महालक्ष्म्यांमागची चक्रं

महालक्ष्म्यांच्या मागे लावायची गोल चक्रं दिसायला अवघड वाटतात, पण त्यामागे एक साधं गणित आहे. पट्टीची रुंदी म्हणजे चक्राची त्रिज्या. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या ६.२८ पट असतो. पट्टी तेवढीच लांब घेतली तर चुण्यांना जागाच उरत नाही आणि चक्र पंख्यासारखं अर्धवट उघडतं. म्हणून पट्टीची लांबी रुंदीच्या आठ ते दहा पट घ्यावी.

२२ × २८ इंची कार्डशीटमधून ३ इंच रुंद आणि २८ इंच लांब अशा ७ पट्ट्या निघतात. लांबी रुंदीच्या नऊपटीहून थोडी जास्त, म्हणजे प्रत्येक पट्टीचं ६ इंची पूर्ण चक्र होतं. अर्ध्या-अर्ध्या इंचावर उलटसुलट घड्या घाला, दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवा, आतल्या कडेतून दोरा ओवून ओढा. मागे आणि पुढे पुठ्ठ्याची गोल चकती चिकटवून ती वाळेपर्यंत वजनाखाली ठेवा.

कमानीसाठी खोक्याचा पुठ्ठा घेताना आतल्या नळ्या उभ्या येतील असा कापा. नळ्या आडव्या आल्या की पुठ्ठा काही तासांतच पुढे झुकतो. खांब करतानाही नळ्या उभ्याच ठेवा, पुठ्ठा सहज गोल वळतो.

समई आणि निरांजन कागदापासून किमान एक हात लांब ठेवा. रोषणाईला एलईडी माळ वापरा. जुन्या बारीक बल्बांच्या माळा जास्त तापतात, त्या कागदाला चिकटवू नयेत. वायरचे जोड कागदामागे दडवू नका आणि झोपताना माळ बंद करा.

घडी होणारा कंदील

बीडमधून हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो, त्यामुळे कित्येकांची दिवाळी गावात न होता कारखान्याच्या भागातल्या कोपीवर होते. सामानात सपाट मावेल असा कंदील त्यांनाही नेता येईल आणि पुण्या-मुंबईच्या लहान खोलीतही ठेवता येईल.

कार्डशीटच्या ८ × १२ इंचांच्या चार चौकटी कापा. कडेला एक इंच सोडून मधला भाग काढा आणि तिथे मागून पतंगी कागद लावा. चारही चौकटी उभ्या कडांना कापडाच्या पट्टीने जोडून डबा करा. वर आणि खाली तो उघडाच ठेवायचा, म्हणजे आतली उष्णता निघून जाते. वरच्या कोपऱ्यांत भोकं पाडून दोन कामट्या तिरप्या आडव्या घाला, की डबा चौकोनी राहतो. त्या काढल्या की कंदील सपाट घडी होतो. खाली झिरमिळ्या लावा. दिवा कमी वॅटचा एलईडीच हवा. कोपी पाचटाची असेल तर आत पणती किंवा मेणबत्ती लावायची नाही.

आठवण म्हणून जपायचं असेल तर

काही घरांत लग्नातली बाशिंगं जपून ठेवतात. तसंच एखाद्या बैलाचं बाशिंग किंवा मुलाने केलेलं पहिलं चक्र ठेवता येतं. वस्तू आधी दोन दिवस सावलीत वाळवा, कारण दमट कागदाला बुरशी लागते. मागे पेन्सिलीने नाव आणि वर्ष लिहा, शाईचं अक्षर ओलाव्याने पसरतं. साडीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कोऱ्या कागदाचे थर देऊन ठेवा आणि खोकं भिंतीला टेकवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं तर आतला दमटपणा आतच राहतो.

जे ठेवायचं नाही ते नदीत किंवा विहिरीत टाकू नका. साधा कागद आणि पुठ्ठा फाडून खतात घालता येतो. बेगड, चमकी आणि प्लास्टिकचा अंश असलेलं बाकी सगळं वेगळं काढून सुक्या कचऱ्यात द्या.