पायरीवरची शाळा

उघड्या हवेतील शिक्षणाचा इतिहास १९०१ च्या शांतिनिकेतनापासून, नाहीतर बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथील १९०४ च्या वनशाळेपासून सांगण्याची रीत आहे. वनशाळेत अशक्त मुलांना झाडांखाली शिकवीत, सकस जेवण देत, दुपारी निजवीत. मुलाचे शरीर ही शाळेची जबाबदारी आहे, हे तिथे मान्य झाले. काम मोठेच.

पण आमची मुले त्याआधीपासून बाहेरच होती. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. पुढे दार किलकिले झाले, तरी अनेकांच्या वाट्याला व्हरांडाच आला. १९०० साली साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेल्या भीमराव आंबेडकरांना बसायला वेगळे गोणपाट, तेही रोज घरी न्यायचे. आणि शिपाई नसेल तर पाणी नाही. ही तहान कोणत्या आरोग्यशास्त्रात मोजायची?

माझे आजोबा पायरीवर बसून बाराखडी शिकले. उन्हापावसाची त्यांची तक्रार नव्हती. खिडकीतून फळा अर्धाच दिसे, ही होती.

आजच्या परसबागेला, क्षेत्रभेटीला माझा विरोध नाही. झाडाखाली वर्ग जरूर भरवा. मात्र तिथला पाचोळा झाडायला गुरुजी कोणत्या मुलांची नावे पुकारतात, तेही कुणीतरी लिहून ठेवले पाहिजे.