नादुरुस्त हार्ड डिस्कमधला इतिहास

१ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे अवकाशयान परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात तुटले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. आपल्याकडे ही घटना चावला यांच्या नावाने लक्षात राहिली आणि ते स्वाभाविकच आहे. तिचा एक उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. यानात झेनॉन वायूवर एक प्रयोग चालू होता. हा वायू एका विशिष्ट अवस्थेत किती घट्टपणे किंवा किती पातळपणे वाहतो, हे वजनरहित स्थितीत मोजायचे होते. काही मोजमापे रेडिओवरून जमिनीवर आली होती, बाकीची एका हार्ड डिस्कवर होती. ही डिस्क काही महिन्यांनी अवशेषांत सापडली. ती जळालेली होती, तिचे प्लास्टिक वितळले होते आणि आत धूळ शिरली होती.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ऑनट्रॅक ही डेटा परत मिळवून देणारी कंपनी आहे. तिथले अभियंते जॉन एडवर्ड्स यांनी आतल्या तबकड्या काढल्या, रसायनाने धुतल्या, दुसऱ्या सांगाड्यात बसवल्या आणि वाचल्या. सुमारे ९९ टक्के मजकूर हाती आला. त्यावर आधारलेला शोधनिबंध २००८ साली ‘फिजिकल रिव्ह्यू ई’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

याला चमत्कार म्हणायला मी तयार नाही, कारण त्याची कारणे सांगता येतात. डिस्क जेमतेम अर्धी भरली होती. संगणक जुन्या डॉस प्रणालीवर चालत होता आणि डॉस मजकूर डिस्कभर विखरून न टाकता सलग लिहीत जाई. तबकड्यांवर जिथे खड्डे पडले होते, तिथे नेमके काही लिहिलेलेच नव्हते. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कमधून मात्र काहीही निघाले नाही. काय उरले आणि ते का उरले, हे दोन्ही प्रश्न इतिहासाच्या माणसाला नेहमीचे आहेत. इथे कागदाच्या जागी तबकडी आहे इतकेच.

या तबकडीचा जन्म १९५६ चा. आयबीएमने कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या देखरेखीखाली पहिली हार्ड डिस्क बनवली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, कपाटाएवढा आकार, वजन टनाच्या आसपास, आणि क्षमता फक्त ५० लाख अक्षरांची! आज मोबाइलमध्ये काढलेला एखादा मोठा फोटोही तिच्यात मावला नसता. तबकड्यांवर आयर्न ऑक्साइडचा लेप होता. आयर्न ऑक्साइड म्हणजे गंजाच्याच जातीचा पदार्थ. गंज ही आपण नाशाची खूण मानतो, आणि पुढची कित्येक दशके जगाने आपल्या नोंदी गंजावरच ठेवल्या.

१९७३ मध्ये आयबीएमने ‘विंचेस्टर’ या टोपणनावाची डिस्क आणली. तबकड्या आणि वाचणारे हेड एकाच बंद डब्यात. फिरत्या तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेवर हेड तरंगते. आजच्या हार्ड डिस्क याच घराण्यातल्या. १९८० मध्ये सव्वापाच इंची, पाच मेगाबाइटची डिस्क टेबलावरच्या संगणकात आली. १९८८ मध्ये अडीच इंची डिस्क निघाली, २० मेगाबाइटची, आणि तिथून लॅपटॉपचा मार्ग खुला झाला. वातानुकूलित खोलीत जन्मलेले यंत्र आता एसटीच्या मागच्या सीटवर धक्के खात फिरू लागले. त्यातच क्षमता वाढवायची तर हेड तबकडीच्या अधिकाधिक जवळ नेणे भाग होते. आता हे अंतर काही नॅनोमीटर आहे. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना यावी. सिगारेटच्या धुराचा कणही या फटीत धोंड्यासारखा.

म्हणूनच लॅपटॉपची डिस्क टकटक करू लागली की तो आवाज गंभीरपणे घ्यावा. तबकडीवर वाट दाखवणाऱ्या खुणा आधीच कोरलेल्या असतात. हेडला त्या सापडल्या नाहीत की त्याची भुजा मागे येते आणि पुन्हा शोधायला जाते. त्याचा तो आवाज. दुसऱ्या प्रकारच्या बिघाडात आवाज येत नाही, फाइल उघडायला मिनिटे लागतात. डिस्कवरचा मजकूर सेक्टर नावाच्या छोट्या तुकड्यांत असतो. एखादा सेक्टर नीट वाचता आला नाही तर डिस्क स्वतःच पुनःपुन्हा प्रयत्न करत राहते. एरवी हा गुणच. मरणपंथाला लागलेल्या डिस्कच्या बाबतीत मात्र तोच जीवावर उठतो. एका खराब जागेशी झटत बसल्याने आधीच दुबळे झालेले हेड पार निकामी होते आणि पुढच्या हजारो चांगल्या जागा वाचायच्या राहून जातात.

डिस्क आपली तब्येत आधी सांगत नाही का? ‘स्मार्ट’ नावाची तशी सोय तिच्यात असते. पण गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी चार मुख्य धोकाखुणांपैकी एकही दाखवली नव्हती. उलट तपासणीत एक जरी वाचनचूक आढळली, तर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट होती. म्हणजे डिस्कच्या गप्प बसण्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि ती बोलली तर मात्र ऐकावे लागते.

अशा डिस्कसाठी अँटोनियो डियाझ डियाझ यांनी २००४ मध्ये ‘डीडीरेस्क्यू’ हा प्रोग्रॅम लिहिला. तो फुकट मिळतो आणि लिनक्सवर चालतो. दिसायला अगदीच रुक्ष आहे, पण त्यामागचा विचार मला कोणत्याही इतिहासलेखन-पद्धतीच्या पुस्तकाइतका मोलाचा वाटतो. तो डिस्क दुरुस्त करत नाही. तिची दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी प्रत काढतो. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येते तेवढेच उचलायचे, अडखळले की ती जागा सोडून पुढे उडी मारायची. नंतरच्या फेऱ्यांत सोडलेल्या पट्ट्यांच्या कडा दोन्ही बाजूंनी खरवडत आत जायचे. खराब जागेशी हुज्जत घालायची ती सगळ्यात शेवटी. आणि हे चालू असताना एका साध्या मजकूर-फाइलमध्ये डिस्कचा नकाशा लिहिला जातो: वाचलेल्या भागापुढे ‘+’, अजून हातही न लावलेल्या भागापुढे ‘?’, प्रयत्न करूनही न मिळालेल्या जागेपुढे ‘-’. मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होते. आपल्याकडे याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

मोडी कागदांच्या छापील साधनग्रंथांत फाटलेल्या जागी टिंबे देण्याची पद्धत आहे. संपादक तिथे आपल्या पदरचे शब्द घालत नाही. ‘-’ ही खूण त्याच जातीची.

हे सगळे मला शिकावे लागले ते सांगलीच्या एका लॅपटॉपमुळे. तिथल्या एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या मोहल्ल्यातल्या घरोघरचे कागद मागून आणून त्यांचे फोटो काढले होते. जमिनींचे कबाले, इनामाच्या सनदा, निकाहनाम्यांची दोन रजिस्टरे, उरुसाच्या खर्चाच्या मोडीतल्या वह्या. पेशव्यांच्या दफ्तरात राज्यकारभार सापडतो. उरुसाच्या दिवाबत्तीसाठी कोणत्या घरून किती तेल आले, हे सापडत नाही. हिंदू-मुसलमान शेजाराबद्दल आज दोन्ही बाजूंनी ठणकावून बोलले जाते. त्या वह्यांत त्याचा हिशेब शेर-पावशेरांत होता. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी घरात शिरले. मूळ कागद ज्या पेटीत एकत्र ठेवले होते ती पेटी बुडाली आणि फोटोंची दुसरी प्रत असलेला पेन ड्राइव्हही तिच्यातच होता. वरच्या मजल्यावरचा लॅपटॉप तेवढा राहिला. पुढे सर गेले. काही वर्षांनी त्यांच्या मुलीने तो सुरू केला, तेव्हा विंडोज अर्ध्यावर थांबू लागली.

दुरुस्तीच्या दुकानात तिला सांगितले गेले, “फॉरमॅट मारू, एकदम नव्यासारखा चालेल.” ती म्हणाली, “लॅपटॉप नको, अब्बांचे कागद पाहिजेत.” आणि ती तो माझ्याकडे घेऊन आली.

आम्ही तो पुन्हा सुरूच केला नाही. विंडोज चालू होताना डिस्कवर लिहीत असते आणि कधी आपणहून दुरुस्तीही करायला घेते; अशा अवस्थेत ही दुरुस्ती घातक ठरते. आवाज टकटकीचा नव्हता, नुसती संथपणाची तक्रार होती, म्हणून घरी प्रयत्न करायचे ठरले. टकटक असती तर धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेशिवाय मार्ग नव्हता. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा एक जुना उपाय अजून कानावर येतो. बाहेर काढल्यावर आत दव धरते, म्हणून तो आम्ही सोडून दिला. आणि डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड आहे का, हे आधी पाहिले. किल्ली नसेल तर अख्खी प्रत काढूनही हाती काही लागत नाही. ती नव्हती.

डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली. इशाच्या नमाजनंतर सुरू केलेली पहिली फेरी फज्रच्या सुमारास संपली, आणि ५०० गिगाबाइटपैकी बहुतेक भाग आलेला होता. राहिलेल्या तुकड्यांनी सहा दिवस घेतले. मधूनमधून डिस्क बंद करून थंड होऊ द्यायची, मग उलट्या दिशेने, शेवटाकडून वाचायला लावायचे. काही जागा पुढून जाताना मिळत नाहीत, पण मागून येताना मिळतात. नंतरचे सगळे काम प्रतीवर केले. नावे हरवलेले फोटो ‘फोटोरेक’ या दुसऱ्या फुकट प्रोग्रॅमने शोधले.

निकाहनाम्यांची रजिस्टरे पूर्ण आली. उरुसाच्या वह्यांतल्या चार पानांवर खराब सेक्टर आडवे आले. अशा फोटोचा वरचा भाग स्वच्छ दिसतो आणि एका रेषेखाली सगळे करडे होते. त्यातल्या एका पानावर तेलाचा आकडा आहे, देणाऱ्याचे नाव रेषेखाली गेले आहे. लिप्यंतरात त्या जागी टिंबे दिली आहेत आणि तळटीपेत सेक्टरचा क्रमांक. जुनी डिस्क सरांच्या मुलीकडे कपाटात आहे, नकाशाची फाइल आम्हा दोघांकडेही आहे. वह्यांचे वाचन सध्या १८९० च्या दशकापर्यंत आले आहे.