ज्यू विचारात प्रार्थना: दुआने तकदीर बदलते का?

घरात कुणी आजारी पडले की आपण दुआ करतो. मग सवाल येतोच: सगळे आधीच लिहिलेले असेल, तर मागून फरक काय पडतो? ज्यू, म्हणजे यहुदी आलिमांनीही हा सवाल शतकानुशतके हाताळला आहे.

रोजची प्रार्थना
यहुदी दिवसातून तीन वेळा प्रार्थना करतात: सकाळी शहरित, दुपारी मिन्हा, रात्री अरवित. मुख्य प्रार्थना जेरुसलेमकडे तोंड करून, उभ्याने होते. त्यात शिफा, पाऊस, माफी मागितली जाते.

काय मागू नये?
इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना'त एक मिसाल आहे. गावी परतणाऱ्याला दुरून रडारड ऐकू येते. ती आपल्या घरातली नसावी, अशी प्रार्थना तो करतो. ही प्रार्थना व्यर्थ आहे, कारण जे घडायचे ते घडून गेले. मागायचे ते पुढचे.

बदलते कोण?
मूसा बिन मैमून (1138–1204) हे अरबीत लिहिणारे यहुदी आलिम आणि अय्युबी दरबाराचे हकीम. जखमेवर तौरातच्या ओळी फुंकणाऱ्यांना त्यांनी सक्त विरोध केला. तौरात रूहची दवा आहे, शरीराची नव्हे, असे त्यांचे मत होते. 15 व्या शतकात स्पेनचे योसेफ अल्बो यांनी मांडले की, अल्लाहचा इरादा बदलत नाही, मागणारा बदलतो. तौबा केलेला माणूस पूर्वीचा राहत नाही, म्हणून पूर्वीचा फैसला त्याला लागू होत नाही. यहुदी नववर्षाच्या प्रार्थनेत तौबा, दुआ आणि सदका एकत्र येतात ते याचमुळे.

कोकणातले बेने इस्रायल
रायगडचे मराठी बोलणारे यहुदी म्हणजे बेने इस्रायल, जुने 'शनिवार तेली'. आपल्या सिनेगॉगला ते बोलीत 'मशीद' म्हणत. एलियाहू हन्नबी, म्हणजे हजरत इलियास (अलै.), यांच्या नावाने ते नवस बोलतात. मुराद पूर्ण झाली की पोहे, खोबरे, गूळ आणि फळांचा मलिदा करून शुक्र अदा करतात. अलिबागजवळचे खंडाळा यासाठी प्रसिद्ध आहे.

आपल्याकडे
तिरमिजीतील हदीसनुसार तकदीरला दुआच परतवते. मुसनद अहमदनुसार दुआ वाया जात नाही: ती लगेच कबूल होते, आखिरतसाठी राखली जाते किंवा तितकेच संकट टळते. म्हणून आजारी माणूस बरा झाला नाही, तर त्याच्या घरच्यांना 'तुमची दुआ कमी पडली' असे कुणीही म्हणू नये.