देवाचा दरबार

घर म्हटलें कीं उंबरठा आला. आंत कोणास घ्यावयाचें हा प्रश्नही आला. कवि नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांचें स्वतःचें घरच दुभंगलें. पत्नी लक्ष्मीबाई कांहीं वर्षें दूर राहिल्या. १९०० सालीं त्यांनींही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढें १९१७ सालीं टिळकांनीं मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही ख्रिस्तभक्त तेथें बंधु मानिले जात. दोनच वर्षांनीं टिळक वारले. परंतु धर्मांतरापायीं ज्यानें घराची ताटातूट सोसली, त्यानेंच देवाच्या घराचा उंबरठा इतरांसाठीं सखल केला. प्रीतीची खरी कसोटी उंबरठ्यावरच लागते.