प्रतिनिधीची खतावणी

आमच्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत हिशेबाची आवड कमी आहे, असें कोणासही म्हणतां यावयाचें नाहीं. दुधाचा रतीब, वाण्याची उधारी, मुलांची फी यांचीं टिपणें घरोघर असतात. आणि महिनाअखेर एका रुपयाची चूक निघाली तर ती सांपडेपर्यंत घरांतील कर्त्या माणसास चैन पडत नाहीं. परंतु ज्या माणसाच्या हातीं आपण पांच वर्षांकरितां राज्याच्या तिजोरीची व कायद्याची किल्ली देतों, त्यानें ती कशी वापरली याचें टिपण किती घरांत असेल? लोकसभेंतील आपल्या सभासदानें गेल्या अधिवेशनांत कोणते प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकास अनुकूल मत दिलें व कोणत्यास प्रतिकूल, असें विचारल्यास चांगले शिकलेले गृहस्थही स्तब्ध होतात. ही स्तब्धता केवळ आळसाची आहे काय? आमच्या मतें आळस हें तिचें एक कारण असलें, तरी दुसरें अधिक खोल आहे. आणि तें समजण्यास मागील दीडशें-पावणेदोनशें वर्षांचा इतिहास चाळला पाहिजे.

विवेचन हवेंत राहूं नये म्हणून एक गांव डोळ्यांसमोर ठेवूं. मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वांगणी मागें पडली कीं ठाणें जिल्हा संपतो, आणि शेलू हें रायगड जिल्ह्यांतील पहिलें स्टेशन लागतें. पुढें नेरळ व त्याच्या माथ्यावर माथेरान. शेलूचा मतदार आज मावळ मतदारसंघांत मोडतो. २००८ सालच्या पुनर्रचनेनें अस्तित्वांत आलेल्या या मतदारसंघांत घाटाखालील कर्जत, पनवेल व उरण आणि घाटावरील मावळ, चिंचवड व पिंपरी असे सहा विधानसभा मतदारसंघ एकत्र बांधलेले आहेत. त्यापूर्वीं शेलू कुलाबा मतदारसंघांत होतें. म्हणजे एका स्टेशनाच्या अंतरावरील वांगणीकरांचा खासदार निराळा, आणि बोरघाटापलीकडील कारखान्यांच्या शहरांचा व शेलूकरांचा मात्र एकच! त्यांतून रेल्वे हा केंद्र सरकारचा विषय असल्यामुळें, लोकल गाडीवर ज्यांचा संसार चालतो त्यांची रोजची अडचण थेट लोकसभेच्या दारीं जाते. इतक्या विस्तीर्ण व परस्परभिन्न मुलुखाच्या प्रतिनिधीस प्रत्येक मतदारानें गांठून विचारणें शक्य नाहीं. अशा स्थितींत त्याच्या नांवावरील सभागृहांतील नोंद, हीच मतदाराच्या हातीं राहणारी खतावणी होय.

या खतावणीस मुख्य सदरें दोन : प्रश्न आणि मत. हीं दोन्ही सदरें आमच्या देशांत एकाच वेळीं उघडलीं गेलीं नाहींत, हें प्रथम लक्षांत घेतलें पाहिजे. १८५३ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या कौन्सिलनें सरकारच्या कारभाराची विचारपूस करण्यास आरंभ केला, तेव्हां ती विलायतेंतील अधिकाऱ्यांस रुचली नाहीं, आणि १८६१ च्या कायद्यानें कौन्सिलचें काम कायदे करण्यापुरतेंच मर्यादित करून तिचें तोंड बंद करण्यांत आलें. पुढें १८९२ च्या कायद्यानें सभासदांस प्रश्न विचारण्याचा व अंदाजपत्रकावर बोलण्याचा अधिकार मिळाला. मात्र अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार मिळाला नाहीं. प्रश्नास सहा दिवसांची आगाऊ सूचना लागे, आणि उत्तर मिळाल्यावर त्यावर पुरवणी प्रश्न विचारण्याची मुभा नसे. तरी या अधिकाराचा पहिला उपयोग कशाकरितां झाला, हें पाहण्यासारखें आहे. फेब्रुवारी १८९३ मध्यें भिंग्याच्या राजेसाहेबांनीं वरिष्ठ कौन्सिलांत जो पहिला प्रश्न विचारला, तो फिरतीवरील सरकारी अंमलदारांस रसद पुरवितांना खेड्यांतील दुकानदारांना होणाऱ्या त्रासाविषयीं होता. साम्राज्याच्या सर्वोच्च सभेंतील पहिला प्रश्न खेड्यांतील वाण्याचा निघावा, यांत या साधनाची सारी शक्ति दिसून येते. १९०९ च्या सुधारणांनीं मूळ प्रश्नकर्त्यास, आणि १९१९ च्या सुधारणांनंतर इतर सभासदांसही पुरवणी प्रश्नाची परवानगी मिळाली.

मताचें सदर उघडलें, तेंही निराशेनेंच. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं मार्च १९११ मध्यें प्राथमिक शिक्षणाचें विधेयक वरिष्ठ कौन्सिलापुढें आणिलें. स्थानिक संस्थांस इच्छा असल्यास त्यांनीं आपल्या हद्दींत सहा ते दहा वर्षांच्या मुलांचें शिक्षण सक्तीचें करावें, इतकीच त्यांची सौम्य मागणी होती. १९ मार्च १९१२ रोजीं मतें घेतलीं गेलीं, तेव्हां विधेयकाच्या बाजूनें १३ व विरुद्ध ३८ मतें पडलीं. विरुद्ध पक्षांत सरकारी सभासदांचा भरणा होता, आणि सरकारी सभासदानें सरकारच्या बाजूनें मत द्यावयाचें हा तेथील शिरस्ताच होता. त्यांच्यापैकीं एखाद्यास मनांतून गोखल्यांचें म्हणणें पटलें असलें, तरी त्याच्या हातास त्याच्या मनाप्रमाणें वर जाण्याची मोकळीक नव्हती. वाचकांनीं हा प्रसंग ध्यानांत ठेवावा. त्याचें प्रयोजन पुढें येणार आहे.

येथेंच एक इशारा देणें इष्ट वाटतें. खतावणींतील आंकड्यांवरूनच माणसाची किंमत करूं गेल्यास मोठा घोटाळा होतो. १७ सप्टेंबर १९३७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबई असेंब्लींत कोंकणांतील खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. १० जानेवारी १९३८ रोजीं हजारों शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईस कौन्सिल हॉलवर गेला. तें विधेयक त्या काळीं मंजूर झालें नाहीं. केवळ निकालाचें सदर पाहणारा तेथें शून्य मांडील. पण खोती नष्ट करणारा कायदा १९४९ सालीं झालाच, आणि त्याची वाट कोणीं पाडली हें कोंकणास पक्कें ठाऊक आहे. तसेंच दुसरें उदाहरण १९५२ सालीं कुलाबा मतदारसंघांतून पहिल्या लोकसभेवर निवडून गेलेल्या चिंतामणराव देशमुखांचें. ते अर्थमंत्री होते. आणि मंत्री प्रश्न विचारीत नसतो, उत्तरें देतो. तेव्हां प्रश्नांच्या सदरांत त्यांच्या नांवावर कांहीं मिळावयाचें नाहीं. परंतु मुंबई महाराष्ट्रापासून निराळी काढण्याच्या निर्णयावरून त्यांनीं मंत्रिपद सोडलें, आणि जुलै १९५६ मध्यें लोकसभेंत त्याचीं कारणें उघडपणें सांगून मुंबईंतील गोळीबाराच्या चौकशीची मागणी केली. तें एक निवेदन शेंकडों प्रश्नांस भारी होतें, हें आज कोण नाकबूल करील?

आतां स्वतंत्र हिंदुस्थानांतील प्रश्नांकडे वळूं. लोकसभेंत ज्या प्रश्नाचें उत्तर तोंडीं हवें असतें त्यास तारांकित व ज्याचें लेखी हवें असतें त्यास अतारांकित म्हणतात. किमान पंधरा दिवसांची सूचना लागते. सूचना पुष्कळ येत असल्यानें चिठ्ठ्या टाकून क्रम लावतात. आणि एका दिवसाच्या यादींत २० तारांकित व २३० अतारांकित प्रश्न येतात. तारांकितांपैकीं मोजक्यांचीच तोंडीं उत्तरें होतात. उरलेल्यांचीं लेखी उत्तरें इतर उत्तरांबरोबर छापलीं जातात. या साध्या यंत्रानें काय घडूं शकतें याचें सर्वांत ठळक उदाहरण मुंदडा प्रकरणाचें. आयुर्विमा महामंडळानें हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर घेतले काय, असा प्रश्न १९५७ सालीं लोकसभेंत निघाला; सरळ उत्तर मिळेना, तेव्हां त्याच डिसेंबरांत फिरोज गांधींनीं तें प्रकरण सभागृहापुढें उलगडून ठेविलें. मुंबईचे मुख्य न्यायाधीश छागला यांनीं मुंबईंत उघड चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्यें अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांस राजीनामा द्यावा लागला. एका प्रश्नाचें बोट धरून सभागृह थेट तिजोरीच्या कुलुपापर्यंत पोहोंचलें!

पण ज्या नाण्यास किंमत येते तें खोटें पाडणारेही निघतात. या प्रकरणाच्या सहा वर्षें आधींच, १९५१ सालीं, हंगामी पार्लमेंटचे सभासद एच. जी. मुद्गल यांनीं मुंबईच्या बुलियन असोसिएशनकडून, म्हणजे सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संस्थेकडून, मोबदला घेऊन तिच्या सोयीचे प्रश्न विचारल्याचें उघडकीस आलें. पंडित नेहरूंनीं स्वपक्षाच्या या सभासदाची चौकशी करविली, आणि त्या सप्टेंबरांत मुद्गलांस सभासदत्व गमवावें लागलें. चौकशी समितीचे अध्यक्ष तेच कृष्णम्माचारी होते, हा इतिहासाचा एक चमत्कारिक योग म्हणावयाचा. डिसेंबर २००५ मध्यें तोच रोग पुन्हां दिसला : प्रश्नांकरितां पैसे घेतल्यावरून दोन्ही सभागृहांतील मिळून अकरा खासदार काढून टाकले गेले, आणि त्यांत दोघे आमच्या खानदेशांतून निवडून गेलेले होते. सबब प्रश्नांची संख्या पाहून हुरळून जाणाऱ्या मतदारानें, हा प्रश्न कोणाच्या गरजेंतून निघाला, हें विचारण्यास चुकूं नये.

मताच्या सदराची अवस्था मात्र याहून शोचनीय आहे. विलायतेंत कॉमन्स सभेनें १८३६ सालापासून मतविभागणीच्या याद्या, कोणीं कोणीकडे मत दिलें त्या नांवांसह, स्वतः छापून प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. आमच्या लोकसभेंतही मतविभागणी झाल्यास नांवें छापलीं जातात. पण ती होते क्वचित्. बहुतेक विधेयकें आवाजी मतानें मंजूर होतात : अध्यक्ष होकार-नकार ऐकून निर्णय देतात, आणि कोणाचा आवाज कोणत्या बाजूस मिळाला याची कोठेंच नोंद राहत नाहीं. सप्टेंबर २०२० मध्यें शेतीविषयक विधेयकांच्या वेळीं राज्यसभेंत विरोधकांनीं मतविभागणी मागितली असतां, गोंधळांत ती न होतांच विधेयकें आवाजी मतानें मंजूर झालीं. घटनादुरुस्तीस विशेष बहुमत लागत असल्यानें तेथें मात्र मतें मोजावींच लागतात. म्हणूनच २० सप्टेंबर २०२३ रोजीं महिलांच्या राखीव जागांचें विधेयक लोकसभेंत ४५४ विरुद्ध २ मतांनीं मंजूर झालें, आणि त्या दोघांपैकीं एक औरंगाबाद मतदारसंघाचे होते, हें आपणांस निश्चितपणें सांगतां येतें. एरवीं शेलूच्या मतदारानें आपल्या प्रतिनिधीचें मत शोधूं म्हटलें, तर बहुतेक पानें कोरीं निघावयाचीं.

आणि जें लिहिलेलें सांपडतें, तें तरी त्याचें स्वतःचें असतें काय? १९६७ नंतर पक्षांतराचा इतका सुळसुळाट झाला, कीं ‘आयाराम गयाराम’ हा शब्दच रूढ झाला. त्यास आळा घालण्याकरितां १९८५ सालीं ५२ वी घटनादुरुस्ती झाली, आणि पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचें सभासदत्व जाऊं शकेल असें ठरलें. हेतु चांगला होता, आणि विकत जाणाऱ्या मतांपेक्षां बांधलेलीं मतें बरीं असें म्हणणाऱ्यांच्या बाजूनेंही बोलण्यासारखें आहे. तथापि परिणाम काय झाला? पक्षादेश निघाला कीं सभासदाचा हात आज तसाच बांधला जातो, जसा १९१२ सालीं सरकारी सभासदाचा बांधलेला होता. भेद इतकाच कीं त्या काळीं हात बांधणारें सरकार परकें होतें, आणि आज हात बांधणारे पक्ष आपणच निवडून दिलेले असतात. हा भेद लहान नव्हे. पण त्यानें खतावणींतील मताचें सदर बोलकें होत नाहीं.

यावरून निघणारा निष्कर्ष आम्हांस महत्त्वाचा वाटतो. १८९२ सालीं मताच्या ऐवजीं, जणूं समजूत घालण्याकरितां, जो प्रश्नाचा अधिकार दिला गेला, तोच आज सभासदाच्या हातीं सर्वांत मोकळा उरलेला अधिकार होय. कोणता प्रश्न विचारावा याचा आदेश सहसा पक्ष काढीत नाहीं. तेथें माणूस आपली निवड दाखवितो. तेव्हां मतदारानें प्रश्नच बारकाईनें वाचावे. शेलूच्या वाचकास ते आज लोकसभेच्या संकेतस्थळावर सभासदाच्या नांवानिशीं घरबसल्या वाचतां येतात. ते वाचतांना केवळ बेरीज करूं नये. घाटाखालच्या रेल्वेचा, रस्त्याचा, पाण्याचा प्रश्न किती वेळां आला व घाटावरच्यांचा किती वेळां, हें पाहावें. उत्तर सरळ आहे कीं टोलवाटोलवीचें, हें पाहावें. आणि तोच विषय पुढच्या अधिवेशनांत पुन्हां विचारला गेला कीं एकदां विचारून सोडून दिला, हें तर अवश्य पाहावें. मंत्र्यानें ‘माहिती गोळा केली जात आहे’ असें म्हटलें, तर तें आश्वासन समजलें जातें, आणि तें तीन महिन्यांत पुरें व्हावें असा दंडक आहे. त्यावर देखरेख ठेवण्याकरितां लोकसभेची आश्वासन समिति १९५३ पासून आहे. आपल्या गांवाच्या कामाचें एखादें उत्तर अशा आश्वासनांत अडकलें असल्यास, त्याचा क्रमांक व तारीख टिपून प्रतिनिधीस पत्र लिहिणें हें कोणाही पोस्टकार्ड लिहूं शकणाऱ्या माणसाच्या आवांक्यांतलें आहे.

प्रश्नांचा तास म्हणजे कायमची मिराशी आहे, असेंही कोणीं समजूं नये. आणीबाणींत, जुलै १९७५ च्या अधिवेशनांत, तो बंद ठेवला गेला. सांथीच्या दिवसांत, सप्टेंबर २०२० मध्यें, तोंडी प्रश्नोत्तरें रद्द होऊन केवळ लेखी उत्तरें उरलीं. जी वस्तु कोणी वापरीत नाहीं तिच्या जाण्याचा बोभाटा होत नाहीं. आणि ज्या उत्तरांस वाचकच नाहीं, तीं टोलवितांना मंत्र्यास संकोच वाटण्याचें कारण नाहीं. मताचें सदर उघडें करावयाचें तर कायदा व नियम बदलावे लागतील, आणि तें काम पुष्कळांचें व दीर्घकाळचें आहे. प्रश्नाचें सदर मात्र आजच उघडें आहे. दुधाच्या रतिबाच्या वहीशेजारीं आणखी एक वही ठेवावी, आणि दर अधिवेशनानंतर तींत चार ओळी लिहाव्या, एवढाच त्याचा खर्च आहे.