अर्ध्या सेकंदाच्या उशिरामुळे पकडला गेला चोरदरवाजा. काय असतो सॉफ्टवेअरमधला ‘डिपेंडन्सी’चा धोका?

मार्च २०२४. मायक्रोसॉफ्टमधले इंजिनिअर आंद्रेस फ्रॉइंड यांच्या लक्षात आलं, की लिनक्सवर दुसऱ्या कम्प्युटरवरून लॉगिन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्यांनी कारण शोधलं आणि २९ मार्चला जाहीर केलं. फाइलचा आकार कमी करणाऱ्या ‘एक्सझेड’ या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवलेला होता. त्यातून हल्लेखोराला सर्व्हरचा ताबा घेता आला असता. सुदैवाने तोवर या आवृत्त्या मुख्यतः चाचणीसाठीच्या लिनक्सपर्यंतच पोहोचल्या होत्या.

फाइल लहान करण्याचा लॉगिनशी काय संबंध?

प्रोग्रामर सगळा कोड स्वतः लिहीत नाहीत, इतरांचा तयार कोड जोडतात. त्या कोडला आणखी कुणाचा तरी कोड लागतो. या अवलंबनाला ‘डिपेंडन्सी’ म्हणतात.

लॉगिन सांभाळणाऱ्या ‘ओपनएसएसएच’ला एक्सझेडची गरजच नव्हती. पण डेबियन, फेडोरासारख्या लिनक्समध्ये ‘मी सुरू झालो’ एवढा निरोप सिस्टिमला देण्यासाठी त्याला ‘सिस्टिमडी’ची लायब्ररी जोडली होती. ती लायब्ररी एक्सझेडवर अवलंबून होती. एका निरोपासाठी एवढी साखळी आत आली.

हल्लेखोर आत कसा शिरला?

एक्सझेड अनेक वर्षं मुख्यतः एकच जण, फावल्या वेळात आणि विनामोबदला सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदत करू लागलं. त्याच काळात काही खात्यांवरून ‘काम संथ चाललंय, दुसऱ्याकडे सोपवा’ असा दबाव आणला गेला. दोनेक वर्षांत विश्वास कमावून ‘जिया टॅन’ने प्रकल्पाचे अधिकार मिळवले.

मग उपाय काय?

पहिला, साखळी छोटी करणं. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ मध्ये हा निरोप देण्याची सोय लायब्ररीशिवायच करण्यात आली. थोडक्या कोडमध्ये होणाऱ्या कामासाठी अख्खी लायब्ररी कशाला, हा प्रश्न प्रत्येक प्रोग्रामरने विचारायला हवा.

दुसरा, भार वाटून घेणं. फुकटच्या कोडवर व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांनी पैसा आणि माणसं द्यायला हवीत. तुम्हालाही हातभार लावता येतो: त्रुटी नीट कळवा, चाचणी करा, मराठी भाषांतर करा. आणि उशीर झाला म्हणून विनामोबदला राबणाऱ्यावर चिडू नका. एक्सझेडमध्ये हल्लेखोराला वाट मिळाली, ती त्याच दबावातून.