चित्रांतून अक्षरांकडे

मनुष्यानें अक्षराच्या आधीं चित्र काढलें, हें लेखनाच्या इतिहासावरून स्पष्ट आहे. मूलही प्रथम रेघोट्या ओढतें, मग आकृति काढतें. अक्षर त्याच्या हातीं सर्वांच्या शेवटीं येतें. असें असतां शाळा मात्र त्याच्यापुढें पहिल्याच दिवशीं बाराखडी मांडते.

ही विसंगति कोमेनियस या शिक्षणवेत्त्यानें फार पूर्वीं ओळखली. त्याचें सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें प्रसिद्ध झालें. त्यांत वर वस्तूचें चित्र व खालीं तिचें लॅटिन आणि जर्मन वर्णन, अशी रचना होती. पुढें १९०७ सालीं रोम येथें बालगृह उघडणाऱ्या मॉंटेसोरीबाईंनीं मुलांना आधीं आकृति रंगवावयास दिल्या. लेखणी धरणारा हात त्यायोगें आपोआप तयार झाला.

महाराष्ट्रांत हा विचार रुजविण्याचें श्रेय ताराबाई मोडक यांस आहे. गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. १९४५ सालीं बोर्डी येथें त्यांनीं खेड्यांतील मुलांसाठीं काम आरंभिलें. तेथें अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. महाग साहित्याऐवजीं माती, बिया, पानें व शिंपले वापरांत आले. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या आदिवासी वस्तींत गेलें. तेथील वारली स्त्रिया लग्नप्रसंगीं तांदळाच्या पिठानें भिंतीवर चौक लिहीत. ज्या घरांत अक्षर नव्हतें, त्या घरांत चित्र होतें!

कोसबाडहून कंधार पुष्कळ दूर. परंतु प्रश्न तोच. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. त्यामुळें अनेक मराठी घरांत अक्षर उशिरां पोंचलें. चित्र मात्र तेथें परकें नव्हतें. राष्ट्रकूटकालीन शिल्पें, अंगणांतील रांगोळी, पोळ्याचे रंगविलेले बैल आणि लमाणी स्त्रियांचें आरशांचें भरतकाम हें सारें मुलाच्या डोळ्यांपुढें होतें व आहे. तांड्यावरचें मूल घरीं गोरमाटी बोलतें. पुस्तकांतील मराठी त्याला परकी वाटते. चित्राला मात्र दुभाषा लागत नाहीं.

बालभारती संस्था १९६७ सालीं निघाली आणि सचित्र पाठ्यपुस्तकें खेडोपाडीं गेलीं. तथापि छापील चित्र मुंबईच्या व कंधारच्या मुलास एकच. मन्याड नदी किंवा घरचा बैल मुलानें स्वतःच पाटीवर काढला पाहिजे. गुरुजींनीं "हें काय?" असें पुसावें, त्याच्या तोंडचा शब्द चित्राखालीं लिहावा व शेजारीं पुस्तकांतला शब्द मांडावा. दुसऱ्या दिवशीं चित्र पुसून शब्द तेवढा ठेवावा. नाहीं तर मूल चित्र पाहूनच बोलतें, अक्षराकडे पाहतच नाहीं.

यास पाटी, खडू व थोडा गेरू एवढेंच पुरतें. पहिल्या दिवशीं "मला येत नाहीं" असें शिकून गेलेलें मूल पुन्हां शाळेची पायरी चढेल, याची खात्री नाहीं. "हें मीं काढलें" असें म्हणून गेलेलें मूल उद्यां वाचावयास येईल.